आइस्क्रीमची पंगत

मराठी घरातील मेजवानीचे यश पूर्वीपासून दोन गोष्टींवर ठरत आले आहे. पानात काय काय वाढले, ही पहिली गोष्ट. आणि शेवटच्या पानापर्यंत तेच, तितकेच व तितक्याच अगत्याने पोहोचले की नाही, ही दुसरी. पहिल्या गोष्टीची वाहवा होते. दुसरीची वाहवा कोणी करीत नाही. परंतु तीत उणे पडले, तर त्याची चर्चा मात्र पुष्कळ दिवस चालते. एकाच पंगतीस बसलेल्यांना वाढताना डावे-उजवे करणे यास मराठीत ‘पंक्तिप्रपंच’ असा स्वतंत्र शब्दच आहे, आणि तो दोष लहानसहान मानला जात नाही.

मुलांच्या मेजवानीस हा नियम मोठ्यांच्या मेजवानीपेक्षाही अधिक कडकपणे लागू पडतो. मोठा मनुष्य आपल्या पानात जिलबी आली नाही तर हसून वेळ साजरी करतो. सहा वर्षांच्या मुलास ती विद्या अवगत नसते. शेजारच्या मुलाच्या वाटीत दोन गोळे आणि आपल्या वाटीत एकच, हे त्याच्या डोळ्यांतून सुटत नाही. आणि आपला क्रम येण्यापूर्वी डबा संपला, तर त्याचा अर्थ ‘हिशेब चुकला’ असा ते मूल लावीत नाही, ‘मी नकोसा होतो’ असाच लावते. म्हणून उन्हाळ्याच्या सुटीत किंवा वाढदिवसास आइस्क्रीमची मेजवानी द्यावयाची असेल, तर प्रथम कागद-पेन्सिल घेऊन बसणे यात कद्रूपणा मुळीच नाही. उलट आतिथ्याचा खरा आरंभ तेथेच होतो.

मोजमापाची ही आवश्यकता आइस्क्रीमच्या बाबतीत विशेष आहे. भात उणा पडला तर पुन्हा चढवता येतो; आमटीत पेलाभर पाणी वाढवून वेळ निभावते; पोळ्या तर पंगत बसल्यावरही लाटता येतात. आइस्क्रीमचे तसे नाही. ते ऐन वेळी वाढवता येत नाही, आणि अधिक झाले तर झाकून उद्यासाठी ठेवताही येत नाही. उणे पडले तर मुले रडतात, अधिक झाले तर डबाभर गोड दूध शिल्लक राहते. या दोहोंच्या मधली वाट गणिताने सापडते, आणि ते गणित चौथीच्या मुलासही यावे इतके सोपे आहे.

आज हा पदार्थ गल्लीतील दुकानात मिळतो, म्हणून त्याचे मोल फारसे जाणवत नाही. परंतु दोनशे वर्षांपूर्वी या देशात समुद्रकाठच्या शहरांत बर्फ हीच मोठी अपूर्वाई होती. १८३३ साली ‘टस्कनी’ नावाचे जहाज अमेरिकेतील बॉस्टनहून गोठलेल्या तळ्यांचा बर्फ घेऊन सुमारे चार महिन्यांच्या प्रवासानंतर कलकत्त्यास पोहोचले, आणि भुश्शात गुंडाळलेला तो बर्फ बऱ्याच अंशी शाबूत निघाला, याचे तेव्हा मोठे कौतुक झाले. पुढे मुंबईतही तसा बर्फ येऊ लागला. त्या पहिल्या दिवसांत जमशेटजी जिजीभाई यांनी आपल्या मेजवानीत आइस्क्रीम ठेवले आणि यजमान व पाहुणे दोघांनाही पडसे झाले, अशी आख्यायिका सांगतात. १८४३ साली अमेरिकेतील नॅन्सी जॉन्सन या बाईंनी हाताने फिरवावयाच्या आइस्क्रीमच्या यंत्राचे पेटंट घेतले, आणि श्रीमंतांच्या मेजावरील ही वस्तू हळूहळू सामान्य गृहिणीच्या आवाक्यात आली. लाकडी बादली, आत पत्र्याचा डबा आणि वर फिरवावयाचा दांडा, असा जो पॉट कित्येक मराठी घरांच्या माळ्यावर अद्याप सापडतो, तो त्याच यंत्राचा वंशज होय.

आता प्रत्यक्ष हिशेबाकडे वळावे. पहिला आकडा माणसांचा. समजा, पाच ते दहा वर्षे वयाची वीस मुले बोलावली आहेत. वीस मुलांचे निमंत्रण म्हणजे वीस तोंडे, असा समज करून घेणारी यजमानीण फसते. कोणाच्या बोटाला धरून धाकटा भाऊ येतो. कोणाची आई पोचवावयास येते व ‘नुसती चव पाहते’. आणि घरात धुणेभांडी करणाऱ्या बाईंची मुलगी सुटीमुळे त्या दिवशी आईबरोबर आलेली असते. या शेवटच्या मुलीचे नाव निमंत्रितांच्या यादीत सहसा नसते. ती स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहून सर्व पाहत असते, आणि डबा रिकामा झाल्यावर कोणाच्या तरी लक्षात येते की तिला काहीच मिळाले नाही. म्हणून नियम असा ठेवावा की, त्या संध्याकाळी घराच्या उंबरठ्याच्या आत जे जे मूल असेल, ते पाहुणे. दर पाच निमंत्रितांमागे एक जादा पान धरले म्हणजे हा सर्व परिवार त्यात बसतो. वीस मुलांसाठी चोवीस पाने, हा आकडा प्रथम लिहून ठेवावा.

दुसरा आकडा गोळ्यांचा. आइस्क्रीम काढण्याच्या सामान्य चमच्यात सुमारे ६० मिलिलिटरचा गोळा बसतो. पाच वर्षांखालील मुलास एक गोळा पुरतो. पाच ते दहा वर्षांच्या मुलास दोन. त्याहून मोठी मुले तीन सहज संपवतात. कागदावर पाहिले तर एका लिटरचे सोळा गोळे व्हावयास हवेत. प्रत्यक्षात ते तेराच्या वर क्वचितच जातात; कारण काढताना आइस्क्रीम दबते, थोडे डब्याच्या कडांना राहते, थोडे चमच्यावर वितळते, आणि थोडे, का लपवावे, वाढणाऱ्याच्या तोंडात जाते. यास्तव हिशेबापुरता एक गोळा ७५ मिलिलिटरचा समजावा. मग एका मुलाचे दोन गोळे म्हणजे १५० मिलिलिटर, आणि चोवीस पानांचे ३,६०० मिलिलिटर, म्हणजे साडेतीन लिटरहून थोडे अधिक. वीस मुलांच्या मेजवानीस पावणेचार लिटर आइस्क्रीम, हा दुसरा आकडा.

येथे बाजारच्या आणि घरच्या आइस्क्रीममधील एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. आइस्क्रीम घुसळताना त्यात हवा शिरते. किंबहुना हवा शिरते म्हणूनच ते मऊ राहते, नाहीतर बर्फाचा खडा होईल. कारखान्यातील यंत्रे ही हवा पुष्कळ भरतात. भारतातील अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे एक लिटर आइस्क्रीमचे वजन निदान ५२५ ग्रॅम असावे लागते. म्हणजे डब्यातील जवळजवळ निम्मी जागा हवेने व्यापली तरी ते नियमात बसते. हाताने फिरवलेल्या घरच्या आइस्क्रीमचा लिटर याहून कितीतरी जड भरतो. तेव्हा डबे विकत घेताना केवळ लिटरचा आकडा पाहू नये, वजनही पाहावे. त्याच वेष्टनावर ‘आइस्क्रीम’ लिहिले आहे की ‘फ्रोझन डेझर्ट’, हेही वाचावे. साध्या आइस्क्रीममध्ये दुधाची स्निग्धता निदान दहा टक्के असते. फ्रोझन डेझर्टमध्ये वनस्पतींचे तेल वापरलेले असते. दुसरे विषारी आहे असे नव्हे. पण पैसे दुधाचे द्यावयाचे आणि तेल घरी आणावयाचे, हे निदान न कळत घडू नये.

संपूर्ण पावणेचार लिटर घरी करणे हे दमछाक करणारे काम आहे. मध्यम मार्ग असा की, दोन लिटर साधे व्हॅनिला बाजारातून आणावे आणि उरलेले आंब्याचे घरी पॉटमध्ये करावे. व्हॅनिला सर्व मुलांना चालते, आणि घरच्या आंब्याच्या आइस्क्रीमची सर कशालाच येत नाही. शिवाय दांडा फिरवणे हाच मुलांना अर्धा खेळ होतो. पाच-सहा प्रकार मांडण्याचा मोह मात्र टाळावा. प्रकार वाढले की निवड वाढते, निवड वाढली की रांग थांबते, आणि रांग थांबली की आइस्क्रीम वितळते. वीस मुलांना दोन प्रकार भरपूर झाले.

घरच्या आंब्याच्या आइस्क्रीमचे प्रमाण ज्यांना टिपून घ्यावयाचे असेल त्यांनी टिपावे. म्हशीचे दूध एक लिटर घेऊन ते मंद आचेवर पाऊण लिटर होईतो आटवावे. त्यातच १५० ग्रॅम साखर विरघळवावी. दूध पूर्ण निवून, नंतर शीतकपाटात चांगले गार झाल्यावरच त्यात मोठी वाटीभर, म्हणजे २०० मिलिलिटर, घुसळलेली ताजी साय आणि ४०० मिलिलिटर हापूसचा गाळलेला रस मिसळावा. दूध कोमट असताना रस घातला तर आंब्याच्या आंबटपणाने ते फाटण्याचा धोका असतो, आणि पुष्कळांची फजिती होते ती येथेच. हे मिश्रण सुमारे दीड लिटर भरते. ते अडीच लिटरच्या डब्यात घालावे; कारण डबा दोन-तृतीयांशापेक्षा अधिक भरला तर फुगण्यास जागा राहत नाही. फिरवून झाल्यावर त्याचे सुमारे एक लिटर आठशे मिलिलिटर आइस्क्रीम होते. बाजारचे दोन लिटर मिळवले की पावणेचार लिटरचा हिशेब पुरा झाला.

या पॉटला सात-आठ किलो बर्फ आणि सव्वा किलो जाडे मीठ लागते. बर्फ सुपारीएवढा फोडून घ्यावा, आणि सहा भाग बर्फास एक भाग मीठ या प्रमाणात त्याचे आलटून पालटून थर द्यावे. मीठ कशासाठी, असे मुले विचारतील, आणि त्यांना खरे कारण सांगावे. नुसता बर्फ वितळताना शून्य अंशावर थांबतो. साखर घातलेले दूध मात्र शून्याच्या खाली गेल्यावाचून गोठत नाही. बर्फात मीठ मिसळले की त्याचा वितळबिंदू शून्याच्या पुष्कळ खाली उतरतो. बर्फ भराभर वितळू लागतो, आणि वितळण्यास लागणारी उष्णता तो डब्यातील दुधातून ओढून घेतो. म्हणून दूध गोठते. मीठ अति झाले तर दूध कडेला घाईने गोठून आइस्क्रीम खरबरीत होते. कमी झाले तर तासभर दांडा फिरवूनही हाती पातळ दूधच येते. वीस ते तीस मिनिटांत दांडा जड होऊ लागतो. मग आतली पाती काढून, झाकण घट्ट बसवून, वर पुन्हा बर्फ-मीठ रचून व ओले गोणपाट पांघरून डबा तासभर स्वस्थ ठेवावा. बादलीच्या कडेचे भोक मोकळे आहे ना, हे अधूनमधून पाहावे. ते बुजले तर खारे पाणी चढून झाकणातून आत शिरते आणि सगळे श्रम वाया जातात.

हा बाहेरचा बर्फ पोटात जाऊ देऊ नये. लादीचा बर्फ बहुधा मासे व इतर माल गार ठेवण्यासाठी केलेला असतो, आणि त्यास पिण्याचे पाणी वापरलेले असतेच असे नाही. याच कारणासाठी महाराष्ट्रात २०१८ साली अखाद्य बर्फात निळा रंग घालण्याचा नियम करण्यात आला. पॉटभोवती असला बर्फ चालतो. परंतु मुलांच्या पाण्यात वा सरबतात तो टाकू नये, आणि बर्फ फोडलेल्या हातांनी, ते धुतल्यावाचून, वाढावयास घेऊ नये.

आता भोवतालच्या पदार्थांविषयी. आइस्क्रीमच्या मेजवानीत आणखी गोड पदार्थ मांडणे ही सर्वसाधारण चूक आहे. दोन गोळ्यांत साधारण पंधरा ग्रॅम, म्हणजे चहाचे तीन चमचे साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मताप्रमाणे दिवसाला वरून घातलेली साखर पंचवीस ग्रॅमच्या आत ठेवणे सर्वांत श्रेयस्कर. तेव्हा आइस्क्रीमबरोबर सरबत, केक, जेली आणि चॉकलेटे आली, तर मुलाचा दोन-तीन दिवसांचा वाटा एका तासात संपतो. वाढदिवस असेल आणि केक कापावयाचाच असेल, तर केकचा तुकडा दोन बोटे रुंदीचा ठेवावा आणि दुसरा गोळा अर्धा करावा. पिण्यास साधे गार पाणी ठेवावे. खेळून तहानलेली मुले वाटते त्याहून अधिक पाणी पितात. चोवीस पानांस दहा लिटर पाणी गाळून, उकळून, गार करून आधीच भरून ठेवलेले बरे.

गोडापूर्वी मुलांच्या पोटात काहीतरी तिखट-मिठाचे पडलेले असावे. रिकाम्या पोटी आलेले मूल आइस्क्रीमवर तुटून पडते आणि रात्री जेवत नाही. यासाठी दोनच पदार्थ पुरेत, आणि तेही तळणीचे नकोत. गरम वड्याने पोळलेल्या तोंडास लगेच गार आइस्क्रीम सुखाचे होत नाही. ओल्या नारळाचे दडपे पोहे आणि हिरव्या चटणीचे सँडविच ही जोडी उत्तम. पातळ पोहे माणशी तीस ग्रॅम, म्हणजे चोवीस पानांस पाऊण किलो घ्यावे. त्यांस दोन नारळ लागतात. सँडविचसाठी पावाच्या दोन मोठ्या लाद्या आणाव्या. कडेचे तुकडे वगळून माणशी एक फाक धरली की मोठ्या दोन लाद्यांत चोवीस फाका सहज निघतात. दोन फाकांचे एक सँडविच करून त्याचे चार त्रिकोण कापले, तर प्रत्येक मुलास दोन त्रिकोण येतात. लोणी २०० ग्रॅम व तीन काकड्या पुरतात. दडपे पोहे वाढण्यापूर्वी अर्धा तास कालवावे. फार आधी कालवले तर ते लिबलिबीत होतात. पोह्यांत शेंगदाणे घालण्याची रीत आहे, परंतु मुलांच्या मेजवानीत ते वेगळ्या वाटीत ठेवावे. त्याचे कारण पुढे येईल.

आइस्क्रीमवर घालावयास फळांचे तुकडे सर्वांत बरे. मे महिन्यात आंबा, केळे आणि चिकू ही तीन फळे पुरेशी आहेत. माणशी चाळीस ग्रॅम धरता सोलून-कापून एक किलो फोडी तयार असाव्या. केळे काळे पडते, म्हणून ते शेवटी कापावे. चॉकलेटचा पातळ रस हवाच असेल, तर माणशी दोन चमच्यांप्रमाणे पाव लिटर भरतो. माणशी दोन पातळ वेफर धरून पन्नास आणावे. वेफरच्या दोन पट्ट्यांमध्ये आइस्क्रीमची वडी धरून खाण्याची जी मौज मुंबईत चर्चगेटजवळच्या के. रुस्तम यांच्या दुकानाने पिढ्यान्‌पिढ्या मुलांना दिली, ती घरीही देता येते. कोन मात्र लहान मुलांना देऊ नयेत. ते मोडतात, गळतात, आणि गोळा जमिनीवर पडलेल्या मुलाचे दुःख सहज आवरत नाही. वाट्या आणि चमचे घरचे स्टीलचेच वापरावे. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून टाकण्याचे प्लास्टिकचे चमचे, पेले व ताटल्या यांवर देशभर बंदी आहे. शिवाय स्टीलची वाटी आधी शीतकपाटात ठेवली म्हणजे तीत आइस्क्रीम अधिक वेळ टिकते. चोवीस पानांस तीस वाट्या व तीस चमचे शेजारपाजारहून जमवणे कठीण नाही.

यानंतरचा विषय नाजूक आहे, आणि त्याकडे दुर्लक्ष झाल्यास मेजवानीचा प्रसंग दवाखान्यात संपू शकतो. निमंत्रण देतानाच प्रत्येक मुलाच्या घरी एक प्रश्न न संकोचता विचारावा, ‘त्याला काय चालत नाही?’ काही मुलांना शेंगदाणा, काजू, बदाम किंवा दूध यांचे वावडे असते. वावडे म्हणजे नावड नव्हे. अशा मुलाच्या ओठास एक कण लागला तरी अंगावर गांधी उठतात, घसा सुजतो, श्वास अडकतो. असे झाल्यास क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे लागते. शेंगदाणे वेगळे ठेवावयाचे ते याकरिता. त्या वाटीतला चमचा दुसऱ्या वाटीत जाऊ नये, एवढी दक्षता घ्यावी. दूध न पचणे ही निराळी गोष्ट आहे. त्याने पोट दुखते, गुबारा धरतो, परंतु थोडेसे दूध अशा पुष्कळ मुलांना सोसते. दोघांसाठीही उपाय एकच. आंब्याच्या रसात साखरेचा पाक व थोडे लिंबू घालून, दुधाचा थेंबही न लागू देता, तो निराळ्या डब्यात गोठवावा, आणि मधून मधून काट्याने खरवडून मोकळा करावा. हा आमरसाचा गोळा इतका चवदार होतो की इतर मुलेही तो मागतात. म्हणून दोनच्या जागी सहा गोळे करावे. ज्याला दूध चालत नाही त्या मुलाची वाटी मग कोणास वेगळी वाटत नाही.

मधुमेह असलेल्या मुलास मेजवानीस बोलावू नये, असे पुष्कळांना वाटते. ते मूल इन्सुलिनवर असते, आणि काय व किती खाणार हे आधी कळले तर त्याची आई त्याप्रमाणे व्यवस्था करू शकते. तिला गोळ्यांची संख्या व वेळ आदल्या दिवशी कळवावी, निर्णय तिचा. जेली करावयाची असल्यास ती जिलेटिनची नसावी, कारण जिलेटिन प्राणिज असते. शाकाहारी घरातील मुलांसाठी चायना ग्रास वापरावे. कच्चे अंडे घातलेले घरगुती आइस्क्रीम मुलांना देऊच नये. आणि पाच वर्षांखालील मुलांच्या वाटीत आख्खा बदाम, शेंगदाणा किंवा आख्खे द्राक्ष टाकू नये. ते घशात अडकते. द्राक्ष द्यावयाचे तर उभे चिरून त्याच्या चार फाका कराव्या.

आइस्क्रीमने सर्दी होते, ही समजूत जमशेटजींच्या आख्यायिकेइतकीच जुनी आहे. वस्तुतः सर्दी होते ती विषाणूंमुळे, आणि ते एका मुलाकडून दुसऱ्याकडे जातात ते शिंकेने, हातांनी व उष्ट्या चमच्याने. तेव्हा खरी काळजी घ्यावयाची ती हात धुण्याची आणि एकाचा चमचा दुसऱ्याने न वापरण्याची. भराभर खाल्ल्याने कपाळात जी कळ येते, तीही निरुपद्रवी आहे. टाळूला एकदम गारवा लागल्याने तेथील रक्तवाहिन्या आकसतात व फुगतात, आणि ती वेदना कपाळात जाणवते. जीभ टाळूला दाबून धरली की ती थोड्याच वेळात जाते.

आता वाढण्याची वेळ. साडेचार वाजता मुले आली, तर सव्वापाचला पोहे-सँडविच आणि पावणेसहाला आइस्क्रीम, असा क्रम ठेवावा. बाजारचा डबा वाढण्यापूर्वी दहा मिनिटे शीतकपाटाच्या खालच्या कप्प्यात आणून ठेवावा, म्हणजे चमचा सुलभ शिरतो. उन्हाळ्यात वाटीतील गोळा दहा-पंधरा मिनिटांत बसू लागतो, आणि एकट्या माणसाला चोवीस वाट्या भरण्यास तेवढाच वेळ लागतो. म्हणजे शेवटची वाटी भरेपर्यंत पहिलीतले दूध झालेले असते. याकरिता दोन वाढपी असावे, किंवा दुपारीच बारा-बारा वाट्यांची दोन तबके भरून, झाकून, गोठवणकप्प्यात ठेवावी. तेथे तितकी जागा नसेल तर शेजारणीचे शीतकपाट तासभर मागून घ्यावे. मुले ओळीने खाली बसवावी आणि वाट्या त्यांच्यापर्यंत न्याव्या. मुलांना डब्यापाशी गर्दी करू देऊ नये. डब्यापाशी जो धीट तो पुढे जातो, आणि बुजरे मूल प्रत्येक वेळी मागे राहते. पंगतीत मात्र धीट आणि बुजरे सारखेच.

पहिला गोळा सर्वांच्या वाटीत पडल्याशिवाय कोणालाही दुसरा मिळणार नाही, हा नियम आरंभीच सांगून टाकावा. मुलांना नियम आवडत नाहीत हा समज चुकीचा आहे; सर्वांना सारखा लागू होणारा नियम त्यांना फार आवडतो. घरचा मुलगा, मग त्याचा वाढदिवस का असेना, पाहुण्यांनंतर बसावा. किंबहुना दुसऱ्या फेरीला तबक त्याच्याच हाती द्यावे. स्वयंपाकघराच्या दारातील ती मुलगीही याच ओळीत बसलेली असावी, आणि तिची वाटी इतरांसारखीच असावी. एवढ्याने त्या मुलीचे दैव बदलत नाही हे खरे. तथापि एका संध्याकाळपुरती ती मोजली गेली, आणि घरच्या मुलाने तिला वाढले, हे दोघेही विसरणार नाहीत.

मेजवानी संपल्यावर डब्यात जे अद्याप घट्ट असेल ते तात्काळ गोठवणकप्प्यात ठेवावे. जे पातळ झाले असेल ते पुन्हा गोठवू नये. त्यात जंतूंची वाढ झालेली असू शकते, गोठवण्याने ते मरत नाहीत, आणि शिवाय आइस्क्रीमही खड्यासारखे होते. हिशेब नीट असेल तर टाकण्याजोगे असे पेलाभरही उरत नाही.

सारांश, वीस निमंत्रणे, चोवीस पाने, पावणेचार लिटर आइस्क्रीम, पाऊण किलो पोहे, दोन लाद्या पाव, एक किलो फळे, दहा लिटर पाणी आणि तीस वाट्या, एवढीच काय ती यादी आहे. दहा मुले असतील तर सर्व निम्मे करावे; चाळीस असतील तर दुप्पट, आणि वाढपी चार. संख्या बदलली तरी तत्त्व बदलत नाही. मुलांना पदार्थांची नावे वर्षभरात विसरायला होतात. पण आपल्यासाठी एक वाटी आधीपासून मोजून ठेवलेली होती, ही जाणीव त्यांच्या मनात दीर्घकाळ राहते. ती जाणीव शेवटच्या मुलापर्यंत पोहोचावी, यासाठीच हा सारा हिशेब करावयाचा.